साहेबांची जागा

अतिरिक्त पदभार ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याला एकदा तरी दोन गावांचे दोन बंब एकट्याने सांभाळायला लावायला हवेत. मी लातूर जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेत अग्निशमन अधिकारी आहे. यंदा दिवाळीच्या तोंडावर नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या गावाचाही पदभार माझ्या गळ्यात पडला. जिल्हा वेगळा, रस्ता खड्ड्यांचा, गाडी माझीच. मीच का, असं विचारल्यावर वरून उत्तर आलं, "मॅडम, तुम्हाला गाव माहीत आहे."

गाव मला माहीत होतं. मुखेडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, तालुक्याचा तोरा मिरवणारं पण तालुका नसलेलं. तिथल्या केंद्रावर माझे वडील, आनंदराज सोनकांबळे, निवृत्तीला आले तरी एकुलते एक अधिकारी होते. गेल्या दिवाळीत तिथल्या बाजार मैदानावर फटाक्यांच्या स्टॉलना आग लागली आणि बाबा तिच्यात गेले. भाजून नाही, धुराने. दोन माणसांना बाहेर काढून ते पुन्हा आत शिरले. दोन स्टॉलमध्ये तीन मीटर मोकळी जागा सोडायची असा नियम आहे, म्हणजे आग उडी मारत नाही आणि माणसाला पळायला वाट राहते. ती जागा बाबांनी स्वतः टेप लावून मोजून घेतली होती. त्यांची पाठ वळल्यावर कुणीतरी तिथे खोके रचले. परत येताना ते त्या खोक्यांपाशी पडले.

"कुणीतरी" हा चौकशी अहवालातला शब्द. खोके बसलिंगप्पांचे होते हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. बसलिंगप्पा फटाका व्यापारी संघाचे अध्यक्ष. बाबांच्या शोकसभेत सर्वांत जास्त रडले ते हेच.

वसुबारसेच्या दुपारी मी मैदानावर तपासणीला गेले. पावसाळा संपून उन्हाने दुसरा उन्हाळा सुरू केला होता. पत्र्याचे स्टॉल उभे राहिले होते, माल उतरत होता. पहिल्या नजरेतच माझं डोकं फिरलं. सगळे स्टॉल एकमेकांना चिकटून. एकाची भिंत तीच दुसऱ्याची भिंत. एका पत्र्याला दोघांनी खिळे मारलेले. आणि या रांगेच्या बरोबर मध्यात एक मोठी मोकळी जागा, पाच-सहा ट्रक ओळीने आरामात उभे राहतील एवढी. झाडलेली, सडा घातलेली. रांगोळी. झेंडूची माळ. पाटावर बाबांचा फोटो, ओळखपत्रावरचा, मोठा करून फ्रेम केलेला. त्यांच्यापुढे उदबत्त्यांचा जुडगा आणि निरांजन.

मी निरांजनाकडे बघत राहिले. फटाक्यांच्या बाजारात, फटाक्यांच्या आगीत गेलेल्या अग्निशमन अधिकाऱ्यापुढे, तुपाचा दिवा.

"हे कुणी मांडलं?"

बसलिंगप्पा हात पुसत पुढे आले. "समद्यांनी मिळून, मॅडम. साहेबांची जागा हाय ही. इथं कुणी स्टॉल लावणार न्हाई, ठराव केलाय संघानं."

"आणि बाकीचे स्टॉल असे का चिकटवले?"

"एवढी जागा साहेबांना सोडल्यावर बाकीच्यांनी सरकून घ्यावंच लागतंय की."

मी मनात आकडे म्हणते अशा वेळी. बाबांची सवय. राग आला की ते आकडे म्हणत, शिव्या देत नसत.

"बसलिंगप्पा काका, साहेब आयुष्यभर काय सांगत होते तुम्हाला? जागा सोडा. कुणासाठी? आगीसाठी. तुम्ही त्यांच्या नावानं एक जागा सोडली आणि बाकी सगळ्या बुजवल्या."

"भावना हाय मॅडम लोकांची."

"आणि दिवा? उघडा दिवा चालत नाही इथे, हे तरी माहीत आहे ना?"

शेजारच्या स्टॉलवाल्यानं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. शेवटी माझ्यासोबत आलेला लिंबाजीच बोलला. लिंबाजी आमच्या बंबाचा चालक, बाबांच्या हाताखाली केस पांढरे झालेला माणूस.

"दिवा लागतच न्हाई, मॅडम. हे लोक रोज लावून राहिलेत. काडी पेटती, वातीपर्यंत नेली की जाती. उदबत्तीला नुसतं काळं टोक येतं. मी सोता करून बघितलं."

"वारा असेल."

"हाव," लिंबाजी म्हणाला. माझ्याशी वाद घालायचा नसला की तो हाव म्हणतो.

रांगेच्या टोकाला लावलेलं संघाचं फडकं मेल्यासारखं लोंबत होतं. वारा नव्हता. मी त्या जागेत पाऊल टाकलं, फोटो उचलायला. आत गारवा होता. माठाजवळ हात नेल्यावर लागतो तसा. आणि वास होता, भिजलेल्या कॅनव्हासच्या नळीचा. बाबा आग विझवून घरी यायचे तेव्हा त्यांच्याआधी हा वास दारातून आत यायचा. सडा घातला आहे, सावली आहे, मैदानाच्या मागे पालिकेचा पाइप गळतो आहे, असं मी स्वतःला सांगितलं. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

फोटो मी लिंबाजीच्या हातात दिला आणि टेप काढला.

त्या दुपारभर मी त्या लोकांना स्टॉल उपटायला लावले. मोठी जागा मोडली आणि ती सगळ्यांमध्ये सारखी वाटली. प्रत्येक दोन स्टॉलमध्ये तीन मीटर, ना बोटभर कमी ना जास्त. माझ्या आईपर्यंत फोन गेले. एका माजी सभापतींचा मलाही आला, "लोकांच्या श्रद्धेचा मान ठेवा" म्हणून. बाबांनी जिथे प्राण सोडले तिथे नव्या मांडणीत एक स्टॉल येत होता. तो घ्यायला कुणी तयार होईना. मी बसलिंगप्पांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली आणि स्वतःचे खांब तिथे रोवायला सांगितले.

"मॅडम," जाताना ते हळूच म्हणाले, "साहेब एका जागी होते. बरं होतं."

मी परवान्यांवर सह्या करून घरी गेले.

आमचं घर भीमनगरात, बुद्धविहाराच्या मागे. आई भाकरी थापत होती. मी सगळं सांगितलं. बाबांच्या फोटोला माळ घातल्याचं ऐकून तिच्या थापण्याचा वेग वाढला.

"देव करून राहिले का त्यांचा? बरं केलंस मोडलंस ते. माणसाचा देव झाला की नवस येतो. नवस आला की नियम गेला."

तिने काडी ओढली, गॅसजवळ नेली. काडी विझली. दुसरी. तिसरी. चौथीला शेगडी पेटली, निळी ज्योत बसकी, तव्यापर्यंत न पोचणारी.

"सिलिंडर संपत आलंय," आई म्हणाली. मीही तेच म्हणाले. सिलिंडर परवाच आलं होतं.

धनत्रयोदशीला विक्री सुरू झाली. त्याच संध्याकाळी पहिल्या तक्रारी आल्या. फुलबाजीच्या टोकाला लाल ठिपका येतो आणि काळा पडतो. भुईचक्राची वात जळत जाते आणि कागदापाशी थांबते. लोक पाकिटं घेऊन स्टॉलवर भांडायला आले, माल दमट आहे म्हणून. व्यापाऱ्यांनी नवी पाकिटं दिली. तीही तशीच. एक जण रागारागाने मुखेडहून फटाक्यांची माळ घेऊन आला. ती माळ गावात विझली. मी त्यातलाच एक तुकडा गाडीत घालून गावाबाहेर, पुलापलीकडे नेऊन लावला. कडकड करत वाजला. उरलेला तुकडा परत आणला. त्याने धूरही काढला नाही.

मी विज्ञान शिकले आहे. घरातही तेच शिकवलं गेलं. आग लागायला तीन गोष्टी लागतात. इंधन होतं, हवा होती, ठिणगीही होती. तिन्ही एका ठिकाणी असून आग नव्हती. हे कुठल्या रकान्यात लिहायचं मला कळत नव्हतं, म्हणून मी कुठेच लिहिलं नाही.

गावाला मात्र कळायला काही अडचण नव्हती.

"मॅडमला पर्यावरणाचं बक्षीस द्या," नाक्यावर एक जण माझ्या कानावर जाईल अशा बेताने म्हणाला. "ना आवाज, ना धूर. असली दिवाळी दिल्लीत पण झाली न्हाई."

"बक्षीस साहेबांना द्या," दुसरा म्हणाला. "ड्युटी त्यांची चालू हाय."

लक्ष्मीपूजनाला कुणाच्या घरी समई लागली नाही. लोकांनी विजेच्या माळांवर भागवलं. चहाच्या गाड्यांवर इंडक्शन आलं. आईने माझ्या मावशीची विजेची शेगडी मागून आणली. खरं सांगायचं तर त्या रात्री, एकही फटाका न वाजणाऱ्या गावात, मी वर्षभरात पहिल्यांदा शांत झोपले. कुणी जळणार नव्हतं. मला एवढंच हवं होतं. बाबांचं श्राद्ध आम्ही घालत नाही, पिंड देत नाही. त्यांच्यासाठी करण्यासारखी माझ्याजवळ एकच गोष्ट होती: त्या मैदानावर पुन्हा माणूस मरू द्यायचा नाही.

पाडव्याला सकाळी मी मैदानावर फेरी मारायला गेले आणि ती शांतता संपली.

स्टॉलमधल्या जागा भरल्या होत्या. सगळ्या. न खपलेला माल खोक्यांतून माणसाच्या उंचीएवढा रचला होता. वाट अशी उरलीच नव्हती. एका खोक्यावर बसून एक म्हातारा विडी शिलगावायचा प्रयत्न करत होता. लागत नव्हती. तो पुन्हा पुन्हा काडी ओढत होता, गंमत म्हणून, आणि विझलेल्या काड्या सुतळी बॉम्बच्या पेटीत टाकत होता. आजूबाजूचे हसत होते.

"हे काय आहे?"

"काही होत न्हाई मॅडम," बसलिंगप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात वसुबारसेच्या दिवशीची अदब नव्हती, सुटका होती. वर्षभराचं ओझं कुणी उतरवून घेतल्यासारखे ते दिसत होते. "साहेब हायेत की."

"खोके हलवा."

"बघा बरं." त्यांनी माझ्यादेखत लायटर पेटवला आणि बाणांच्या जुडग्याला लावला. ज्योत कागदाला टेकली आणि नाहीशी झाली. "बघितलं? आम्ही एका जागी ठेवलं होतं साहेबांना. तुम्ही टेप लावून समद्यांमध्ये वाटून दिलं. लई उपकार झाले."

मला वाटतं, त्या क्षणी मी बाबांवरही चिडले. ज्या माणसांना त्यांनी आयुष्यभर नियम शिकवला, त्या माणसांना आता नियमाची गरजच उरली नव्हती. आणि हे किती दिवस पुरणार होतं? कुणाला माहीत होतं?

मी परवाने रद्द करायची नोटीस लावली. कुणी वाचली नाही. पोलीस ठाण्यातले हवालदार म्हणाले, "मॅडम, पेटत न्हाई त्याला धोका कसं म्हणायचं? कलम कोणतं लावू?"

भाऊबीजेला दुपारी शेषेराव घरी आला. आमच्या शाळेच्या मागे त्यांची जमीन आहे. पाचवीपासून आम्ही एका वर्गात. त्याची आई, तुळजाबाई, पहाटे वारली होती. त्याने चपला दाराबाहेर काढल्या, पण आत आला नाही.

"समीक्षा, जरा मैदानापलीकडं येतीस का? स्मशानात."

"मी?"

"माय सकाळधरनं सरणावर हाय. लागंना. रॉकेल घातलं, तूप घातलं. पाहुणे निघून चाललेत. तू सांगून बघ."

"कुणाला सांगू?"

आई माझ्या मागे येऊन उभी राहिली होती.

"जा," ती म्हणाली. "गणवेश घालून जा."

आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. गणवेशातल्या बाईला मात्र कुणी अडवलं नाही. लिंबाच्या झाडाखाली थोडी माणसं बसली होती. मी लाकडांना हात लावला. कडक वाळलेली बाभूळ, टिचकी मारली तर वाजेल अशी. तुळजाबाईंच्या तोंडावरून माश्या हाकलायला त्यांचा धाकटा दीर टॉवेल हलवत होता. शेषेराव पलिता पेटवायचा, सरणापर्यंत न्यायचा. विझायचा. पुन्हा पेटवायचा. त्याच्या हाताचे केस जळले होते. तेवढं जळत होतं.

सगळे माझ्याकडे पाहत होते.

मी काही बोलले नाही, कारण मला दिसत होतं ते मैदान. मी बोलले आणि काही झालं नाही, तर एक वेडेपणा झाला असता, एवढंच. पण मी बोलले आणि ऐकलं गेलं, तर? आग परत आली तर ती फक्त या सरणावर येणार नव्हती. तिकडे खोक्यांवर माणसं बसली होती. काड्या ओढत.

मी लिंबाजीला फोन लावला.

"मैदान रिकामं करा. आत्ता."

"आत्ताच सांगितलं मॅडम. हसून राहिलेत."

"खोके?"

"तसेच हायेत."

"मग बंब काढा. सगळा माल भिजवून टाका. एक पाकीट कोरडं ठेवू नका. जबाबदारी माझी."

शेषेराव पलिता हातात धरून थांबला होता.

"मॅडम, बंबाची चावी बसलिंगप्पांच्या पोरानं काढून घेतली सकाळी. तुम्ही असलं काहीतरी करणार म्हणून. केंद्राला बाहेरून कुलूप घातलंय. मी मैदानातच उभा हाय, मोकळ्या हातानं."

मी डोळे मिटले. मनातले आकडे संपले. इतक्या दिवसांच्या सगळ्या वैतागाचे दोनच शब्द झाले. बाबा नळीच्या टोकाशी उभे राहून म्हणायचे तसे, सपाट, न ओरडता.

"पाणी सोडा."

माझ्या समोर शेषेरावने पलिता पुन्हा टेकवला. बाभळीने आधी आवाज केला, मग धूर, मग ज्योत. ती एका बाजूने चढली, दुसऱ्या बाजूला गेली. माणसं उठून उभी राहिली. शेषेराव मागे सरला आणि मटकन खाली बसला. चेहऱ्याला धग लागली तेव्हा मला कळलं की किती दिवसांत कुठेच धग नव्हती.

फोन अजून कानाशी होता. त्यातून आवाज येत होता, पत्र्यावर काहीतरी जोराने आदळल्याचा, सलग. माणसांचा गलका. दूर दूर जाणारा.

"लिंबाजीकाका?"

"हाय मी, मॅडम."

"कोणी जळलं का?"

"न्हाई. समदे पळाले. बसलिंगप्पा पण. माल गेला समदा, लगदा झाला."

"बंब आणला का तुम्ही?"

"न्हाई, मॅडम. सांगितलं की, कुलूप हाय."

"मग पाणी कुठून येतंय?"

"मधल्या जागांतून येतंय." तो हळू बोलत होता, झोपलेल्या माणसाशेजारी बोलावं तसा. "दोन-दोन स्टॉलच्या मधून. खोके फेकून दिले पाण्यानं. वरून पडत न्हाई मॅडम, आडवं येतंय. नळीचं येतं तसं."

सरण आता पूर्ण पेटलं होतं. पत्र्यावरचा तो आवाज थांबत नव्हता.

"माल भिजला समदा," लिंबाजी म्हणाला. "आता रस्त्यावर येऊन राहिलंय." मग त्याने विचारलं:

"मॅडम, बंद करा म्हणून कुणाला सांगू?"